केमोच्या दिवसांत नवरा-बायको : सेवेचा अभ्यास

॥ श्री गुरवे नमः ॥



या पंधरवड्याच्या कौटुंबिक अभ्यासाला विषय आहे ‘सहधर्म’. दरवेळी आपण त्यावर संसार, मुलं, सासर-माहेर असं बोलतो. या वेळी आम्ही सेविकांनी तो आजारपणाच्या अंगाने घ्यायचं ठरवलं. कारण उघड आहे. आपल्याच परिवारात एका घरी काकांची आणि दुसऱ्या घरी वहिनींची केमोथेरपी चालू आहे. ग्रुपवर रोज हात जोडलेली चित्रं जातात, ती जाऊ देत. पण त्या घरात रात्री दोन वाजता काय चाललेलं असतं, याची कल्पना असल्याशिवाय आपली सेवा नेमकी होत नाही.

आधी एक मोकळेपणाने बोलून टाकतो. ‘श्रद्धा पक्की असेल तर औषध कशाला?’ असं म्हणणारी मंडळी आपल्यातही आहेत. त्यांनी श्रीरामकृष्ण परमहंसांचं शेवटचं वर्ष जरूर वाचावं. १८८५ साली त्यांचा घसा दुखू लागला. तो घशाचा कर्करोग होता. उपचार नीट व्हावेत म्हणून भक्तांनी त्यांना दक्षिणेश्वरहून कोलकात्यात श्यामपुकुरच्या घरी आणलं आणि डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरात हलवलं. डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करत होते. ते नाडी पाहायचे, औषध द्यायचे, ‘बोलू नका’ म्हणून बजावायचे आणि मग स्वतःच तासन्‌तास बोलत बसायचे! परमहंसांनी औषधाला नाही म्हटलं नाही, वैद्याचा अपमान केला नाही. ज्यांना समाधी लागत होती, ते औषध घेत होते. मग आपण कोण लागून गेलो?

त्या वर्षातलं शारदामातांचं वागणं म्हणजे तर आपल्या विषयाचा गाभाच आहे. श्यामपुकुरच्या घरात बायकांसाठी वेगळी जागा नव्हती आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून एकच होतं. म्हणून त्या पहाटे तीनच्या आधी उठून आंघोळ उरकायच्या आणि गच्चीच्या जिन्याजवळच्या एवढ्याशा जागेत दिवसभर बसून पथ्याचं शिजवायच्या. रात्री सगळे झोपल्यावर खाली यायच्या. आज हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर बाकावर रात्र काढणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे काशीपूरला दुधाचं भांडं घेऊन जिना चढताना त्या पडल्या आणि पायाला जबर मार लागला. तीन दिवस त्यांना उठता आलं नाही. तेव्हा गोलापमांनी परमहंसांना भरवलं. हा प्रसंग वाचताना आपण हळहळतो आणि पुढे जातो, पण इथे थांबायला हवं. साक्षात शारदामातांच्याही जागी तीन दिवस दुसरं कुणीतरी लागलं. मग आपल्या वहिनींनी किंवा काकूंनी सहा महिने एकटीनेच सगळं ओढावं, असं आपण का धरून चालतो?

आणखी एक. परमहंस बरे व्हावेत म्हणून त्या तारकेश्वराला जाऊन अन्नपाण्याशिवाय धरणं धरून बसल्या होत्या. आजार हटला नाही. मनात वैराग्याचा विचार उमटला, त्या उठल्या आणि परत येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागल्या. १६ ऑगस्ट १८८६ ला परमहंसांनी देह ठेवला. नवसाला फळ आलं नाही म्हणून शारदामातांची श्रद्धा उणी होती, असं म्हणायला आपल्यापैकी कुणाची जीभ रेटेल का? मग पेशंटच्या घरी जाऊन ‘काहीतरी सेवेत कमी पडत असेल’ असं बोलणंही बंद व्हायला हवं. हे बोललं जातं. आम्ही आमच्या कानांनी ऐकलं आहे.

आता केमोकडे वळू. परमहंसांच्या काळी हे औषध नव्हतंच. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात आणि केमोची औषधं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच गाठून मारतात. पण आपल्या शरीरात काही चांगल्या पेशीही भराभर वाढत असतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर, हाडाच्या पोकळीत रक्त तयार करणारा मगज. मार त्यांनाही बसतो. केस गळणं, तोंड येणं, जुलाब होणं, पांढऱ्या पेशी घटणं, हे सगळं त्यातूनच येतं. हे एकदा समजलं की ‘औषध उलटलं’ अशी भीती वाटत नाही.

आपण तेलुगू मुलखात राहतो, म्हणून एक नाव मुलांना नक्की सांगा : यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, गाव भीमावरम. ते अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे त्यांच्या चमूने तयार केलेलं औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी ओसरला. हे १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. त्या औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही दिलं जातं. आणि आपल्या गॅलरीतली सदाफुली? व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही केमोची औषधं त्याच झाडातून मिळाली. (म्हणून सदाफुलीची पानं कुणी चावून खाऊ नयेत. झाड विषारी आहे. औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो, पानाचा कोण मोजणार?)

आता घरातली गोष्ट. केमो घेऊन आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मळमळ असते. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळी, बरं वाटत असलं तरी घ्यायची. त्याच गोळ्यांनी कधी पोट घट्ट होतं, म्हणून पाणी आणि पातळ पदार्थ जास्त द्यायचे. तोंडाची चव जाते. पुष्कळांना सगळं धातूसारखं लागतं. तेव्हा स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा देऊन पाहावा. फोडणीचा वास नको होतो. पेज, मेतकूट-भात, इडली, उकडलेलं रताळं, लाह्यांचं पीठ, असं थोडं थोडं दर दोन तासांनी. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद आणि कोमट पाण्यात मीठ व खायचा सोडा घालून गुळण्या.

जो माणूस आयुष्यभर ‘आमटी फक्कड झालीय’ म्हणत आला, तो ताट ढकलून देतो, तेव्हा करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तो नकार आपल्याला नसतो, औषधाला असतो. बायकोच्या हे चटकन लक्षात येत नाही. नवऱ्याच्या तर त्याहून नाही.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. गंमत अशी की, तोवर मळमळ थांबलेली असते, चेहरा जरा तरतरीत दिसतो आणि आपण सगळे नेमके तेव्हाच भेटायला जातो. नामजपासाठी पंधरा माणसं त्या घरात बसवणं हे त्या आठवड्यात प्रेमाचं काम नाही. घरोघरी आपापल्या देवासमोर जप करावा. याच दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. हॉस्पिटलला फोन करून रात्रीच निघायचं. आणि थर्मामीटर लावायच्या आधी तापाची गोळी द्यायची नाही, खरा ताप त्याखाली दडून बसतो. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या. हा आकडा फ्रिजवर लिहून चिकटवा.

प्रसाद-तीर्थाबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं. कच्च्या दुधाचं पंचामृत, बाहेर कापून ठेवलेली फळं, न शिजवलेल्या कोशिंबिरी या काळात टाळायच्या असतात. प्रसाद कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्याला द्यावा, महाराजांचा राग व्हायचा नाही. गरम शिरा चालतो. गुरुवारचा उपवास आणि एकादशी पेशंटने सोडायची, सोबत्यानेही सोडलेली बरी. रात्रभर जागणाऱ्या माणसाने उपाशी राहून चक्कर येऊन पडावं, यात कसलं पुण्य? आणि ग्रुपवर येणारे गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, अमुक पानांचा रस वगैरे संदेश. यातल्या काही गोष्टी केमोच्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करतात किंवा यकृताला जड जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही, आणि खात्री नसेल ते पुढे पाठवायचं नाही.

नवरा-बायकोत न बोललेली एक भीती असते. कॅन्सर लागेल का? स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने कॅन्सर होत नाही. केमोनंतर साधारण दोन दिवस मात्र औषधाचा अंश लघवी, उलटीतून बाहेर पडतो. म्हणून तेवढे दिवस संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश, कपडे वेगळे आणि उचलताना हातमोजे. जवळिकीबद्दलही डॉक्टरांना सरळ विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीतीपोटी पेशंटचं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाकून तिथेच ठेवू नका. ज्याचे केस गेलेत, ज्याला आरशात बघवत नाही, त्याला हात धरणारं माणूस लागतं.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सोनाली बेंद्रे, आपली मराठी मुलगी. ४ जुलै २०१८ ला तिने स्वतः जाहीर केलं की कॅन्सर झाला आहे आणि तो शरीरात पसरलेला आहे. उपचार न्यूयॉर्कला झाले. डिसेंबरात ती मुंबईला परत आली. या पाच महिन्यांत तिने वेळोवेळी जे लिहिलं, त्यात आम्हाला दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. एक, तिने वाईट दिवस लपवले नाहीत. बोट उचललं तरी दुखावं असे दिवस होते, केमोमुळे नजर बिघडून काही काळ वाचता येईना तेव्हा ती घाबरली होती, हे तिने सांगितलं. असे दिवस मान्य करायला हरकत नाही, असंच तिचं म्हणणं होतं. ‘साधकाने सदा प्रसन्न असावं’ हे वाक्य आपण पेशंटवर फेकतो, तेव्हा हे आठवावं. दुसरी गोष्ट नवऱ्याची. गोल्डी बहल यांनी आपलं काम बाजूला ठेवलं आणि दोन खंडांत ये-जा करत घर, मुलगा आणि बायको सांभाळली, असं तिने लग्नाच्या वाढदिवशी लिहिलं.

त्यांच्याकडे पैसा होता, न्यूयॉर्क होतं, हे खरं. कुकटपल्लीतल्या टू-बीएचकेत ते जमायचं नाही. पण डबा, गोळ्यांची वही आणि केस धुण्याला न्यूयॉर्क लागत नाही. बायकोने नवऱ्याची सेवा केली की आपण ‘तिचा धर्मच तो’ म्हणतो, आणि नवऱ्याने चार दिवस पेज केली की त्याचं कौतुक सगळ्या ग्रुपभर. सहधर्म दोघांचा असतो. दादा मंडळींनी कुकर लावणं, मऊ भात, ताक आणि वॉशिंग मशीन एवढं आजच शिकून घ्यावं, कुणी आजारी नसतानाच.

या वाटेवरून थोरामोठ्यांचे संसारही गेलेत. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी पती सर दोराबजी गेले आणि त्यांच्या नावच्या ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. आपल्या बंजारा हिल्सचं बसवतारकम हॉस्पिटल एन. टी. रामाराव यांच्या पत्नीच्या नावाने आहे. त्याही कॅन्सरनेच गेल्या. त्या रस्त्याने जाताना मुलांना हे सांगत चला.

पैशाचं. रेड हिल्सला सरकारी एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल आहे. कुकटपल्लीहून मेट्रोने गाडी न बदलता लकडी का पूलला उतरता येतं (पेशी कमी असतील त्या दिवसांत मात्र गर्दीच्या वेळची मेट्रो नको). तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेत पात्र कुटुंबाला आता १० लाखांपर्यंत मदत आहे, कागदपत्रांसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटावं. नांदेड-लातूरकडून उपचाराला येणारे आपले नातेवाईक असतील तर त्यांना सांगा की कॅन्सर पेशंट आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते. हॉस्पिटलचा दाखला लागतो.

येत्या गुरुवारी पठणानंतर प्रत्येक कुटुंबाने घरात दहा मिनिटं बसून एवढंच बोलावं : आपल्याकडे असं आजारपण आलं तर रात्री हॉस्पिटलला कोण, घरी स्वयंपाकाला कोण, आणि त्या दोघांना सुट्टी द्यायला तिसरं कोण?

सध्याच्या दोन्ही घरांसाठी डब्याची यादी करतो आहोत. सोमवार, बुधवार आणि शनिवारची दुपार भरली. उरलेल्या वारांसाठी नावं ग्रुपवर न टाकता केंद्रातल्या ताईंना सांगावीत. डबा कमी तिखट, गरम आणि झाकलेला असावा. दारातच देऊन निघायचं, आत बसायचं नाही. सोबत्याला तासभर झोप हवी असेल तर तसं विचारावं, आणि त्या वेळात आपण पेशंटजवळ गप्प बसून राहावं.

जय सद्गुरू 🙏
सेविका मंडळ, कुकटपल्ली