पातळ पोलादाचा सांधा

लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या झाशीला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने येथे कर्मशाळा उभारली. त्या काळी सांधे रिबिटांचे असत. पुढे त्यांची जागा वितळजोडकामाने, म्हणजेच वेल्डिंगने घेतली. शहराजवळ खैलार येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात रोहित्रे तयार होतात. रोहित्राच्या टाकीतून तेलाचा थेंबही झिरपता कामा नये. म्हणून तिच्या सांध्यांची कसून परीक्षा होते. १९८६ मध्ये येथे बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रशास्त्र संस्थाही सुरू झाली.

अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना या विद्येची गरज भासते ती प्रामुख्याने स्पर्धेसाठी मोटार बांधताना. भारतात २००७ पासून होत असलेल्या ‘बाहा’ स्पर्धेत विद्यार्थ्यांचे गट खडतर वाटेवर धावणारी एका आसनाची मोटार स्वतः रचतात. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. त्यातील मुख्य नळ्यांची जाडी सुमारे ३ मिलिमीटर, तर दुय्यम नळ्यांची १ मिलिमीटरहूनही कमी असू शकते. मोटार उलटली, तर चालकाचे प्राण या पिंजऱ्यावर अवलंबून असतात.

जाड पत्रा उष्णता पोटात घेऊन ती दूरवर पसरवितो. पातळ पत्र्याला ते साधत नाही. सौम्य पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर विद्युत् प्रज्योतीचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. हात क्षणभर रेंगाळला, की भोक पडते. यावर उपाय म्हणजे पूर्वतयारी. नळीचे टोक कानशीने घासून दुसऱ्या नळीवर फटीविना बसवावे. गंज, तेल व रंग काढून टाकावा. जस्ताचा लेप असलेली नळी मुळीच वापरू नये, कारण तिचा धूर विषारी असतो. नंतर समोरासमोर छोटे टाके घालावेत आणि त्यांमधील भाग आलटून पालटून, थोडा थोडा भरावा. त्यामुळे सांगाडा एका बाजूस ओढला जात नाही. प्रवाहाचा ढोबळ अंदाज जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर असा धरतात. अंतिम निर्णय मात्र त्याच जाडीच्या तुकड्यावर सराव करूनच घ्यावा.

नवशिक्याच्या हातून दोन परस्परविरोधी चुका होतात. भोक पडते, ते सर्वांना दिसते. त्या भीतीने तो प्रवाह फार कमी करतो. मग वितळलेला धातू मूळ नळीत न मुरता तिच्यावर नुसता बसतो. असा ‘थंड’ सांधा वरून नीटस भासतो आणि ग्राइंडरने घासल्यास अधिकच सुबक दिसतो. घासल्याने मात्र तो आणखी दुबळा होतो. धोका आहे तो या न दिसणाऱ्या दोषात.

म्हणूनच या स्पर्धेच्या नियमांत जोडकाम करणाऱ्याकडून नमुने मागितले जातात. एक नमुना तुटेपर्यंत ताणावयाचा असतो. तो सांध्यात न तुटता शेजारच्या नळीत तुटला, तरच सांधा पक्का. दुसरा उभा चिरून धातू किती खोल मुरला, हे पाहावयाचे असते. विद्यार्थ्याने ही कसोटी परीक्षकासाठी राखून न ठेवता सरावातील आपले सांधे स्वतःच तोडून पाहावेत. पिंजऱ्यात बसणारा चालक बहुधा त्याचाच सहाध्यायी असतो.