मोबाईलवरील हलका नकाशा आणि शेताचा बांध

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ मोबाईलवर आपल्या गटाचा नकाशा उघडून आम्हांस दाखवावयास आले. शेजाऱ्याच्या गटाची रेघ त्यांच्या गटांत पाचरीसारखी शिरलेली दिसत होती. नकाशा बोटांनीं कितीही मोठा केला तरी रेघ केसासारखी स्वच्छ राही, त्यामुळें शेजाऱ्यानें जमीन दाबली अशी त्यांची खात्रीच झाली होती. पुढें मोजणी झाली, तेव्हां बांध जेथल्या तेथेंच निघाला. चूक शेजाऱ्याची नव्हती. नकाशा हलका करणाराची होती. ती कशी घडते हें कळावें म्हणून असे नकाशे तयार करण्याची रीत येथें थोडक्यांत सांगतों.

चित्ररूप व रेखारूप नकाशा

जो संगणक नकाशे सांठवून ठेवतो व मागणी येतांच पुरवितो, त्यास नकाशांचा सर्व्हर म्हणतात. ह्या कामाचें 'जिओसर्व्हर' नांवाचें विनामूल्य सॉफ्टवेअर २००१ सालीं न्यूयॉर्क येथें सुरू झालें. जुन्या रीतींत सर्व्हर नकाशाचें चित्र काढून त्याचे चौकोनी तुकडे पाठवी. असा तुकडा बहुधा २५६ ठिपके लांब व तितकाच रुंद, म्हणजे ६५,५३६ ठिपक्यांचा असतो. रेखारूप रीतींत चित्र पाठवीतच नाहींत. केवळ शेताच्या कोपऱ्यांचे आंकडे पाठवितात. रेघा व रंग मोबाईल स्वतः काढतो. सहा कोपऱ्यांच्या शेतास आंकड्यांच्या सहा जोड्या पुरतात.

नकाशा हलका करण्याचीं तीन कामें

पहिलें काम निवडीचें. गांवच्या नकाशांत गट असतात. तालुक्याच्या नकाशांत गट वगळून गांवें, नद्या व रस्ते तेवढे ठेवतात. सर्व्हरवर अशाच पायऱ्या असतात. शून्याव्या पायरीस सारी पृथ्वी एका तुकड्यांत मावते. पुढें प्रत्येक पायरीस एका तुकड्याचे चार होतात. ह्या हिशेबानें चौदाव्या पायरीस २६,८४,३५,४५६ तुकडे होतात, आणि महाराष्ट्रांत त्यांतील एकाची बाजू सुमारे २.३ किलोमीटर भरते. म्हणून आपल्या तालुक्यापुरतेच तुकडे काढून ते एका फायलींत बांधावे. ती फाईल मोबाईलमध्यें ठेवली म्हणजे शिवारांत इंटरनेट नसलें तरी नकाशा चालतो.

दुसरें काम आंकडे लहान करण्याचें. तुकड्याच्या बाजूचे बहुधा ४,०९६ भाग पाडतात व प्रत्येक कोपरा जवळच्या भागावर बसवितात. नंतर पहिल्या कोपऱ्याचें स्थान सांगून, पुढचा कोपरा मागच्यापासून किती सरकला एवढेंच लिहितात. मोजणीदार एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचें अंतर टिपणावर लिहितो, तसाच हा प्रकार होय. लहान आंकड्यांस जागा थोडी लागते.

तिसरें काम अनावश्यक कोपरे गाळण्याचें. डेव्हिड डग्लस व थॉमस प्यूकर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति ह्यासाठीं फार वापरतात. वांकड्या बांधाच्या दोन टोकांमध्यें दोरी ताणली आहे अशी कल्पना करावी. दोरीपासून सर्वांत लांबचा कोपरा ठरविलेल्या मर्यादेच्या आंत असेल, तर मधले सर्व कोपरे गाळावे. तो मर्यादेबाहेर असेल, तर तेवढा ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस पुन्हां दोरी ताणावी.

चूक कोठें होते

बांध दोघांचा असला तरी एकच असतो. नकाशांत मात्र तो पुष्कळदां दोन वेळां लिहिलेला असतो. एकदां ह्या गटाची हद्द म्हणून व एकदां त्या गटाची. प्रत्येक गटाचे कोपरे निरनिराळे गाळूं लागलें, तर दोरीचीं टोकें दोन्ही वेळां एकाच ठिकाणीं पडतील असें नाहीं. मग एका रेघेंतून एक कोपरा गळतो, दुसरींतून दुसराच. परिणामीं दोन गटांमध्यें फट पडते किंवा एक गट दुसऱ्यावर चढतो. आमच्या मित्रांस दिसलेली पाचर हीच.

उपाय असा कीं, तीन गटांचे बांध जेथें मिळतात ते बिंदु आधीं कायम करावे. दोन बिंदूंमधील सामाईक बांध एकदांच लिहावा, त्याचे कोपरे एकदांच गाळावे व त्यावरून दोन्ही गट पुन्हां जुळवावे. काम थोडें वाढतें. पण भांडण वांचतें.

स्वच्छ रेघेचा भुलावा

चित्ररूप नकाशा फार मोठा केला कीं फांकतो, आणि आपली मर्यादा आपणच कबूल करतो. रेखारूप नकाशाची रेघ मोबाईल दर वेळीं नव्यानें काढतो, म्हणून ती कधींच फांकत नाहीं. परंतु रेघ स्वच्छ झाल्यानें आंकडा अचूक होत नाहीं. वर सांगितलेल्या ४,०९६ भागांपैकीं एक भाग आपल्याकडे चौदाव्या पायरीस सुमारे ५६ सेंटिमीटर, बाराव्या पायरीस सव्वादोन मीटर व दहाव्या पायरीस नऊ मीटर पडतो. कोपरे गाळण्याची चूक त्यांत आणखी मिळते. शिवाय आपण कोठें उभे आहों हें दाखविणारा मोबाईलवरील ठिपकाही मोकळ्या आकाशाखालीं पांच मीटरांच्या आसपास चुकूं शकतो. झाडाखालीं त्याहूनही अधिक.

तेव्हां विहीर, वाट, पीक, पाइपलाइन ह्यांची नोंद ठेवण्यास हा नकाशा खुशाल वापरावा. त्याचा उपयोग मोठा आहे. नकाशा करून देणारास मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावे: आंकडे कोणत्या पायरीचे घेतले, आणि सामाईक बांध एकदांच लिहिला कीं दोनदां? बांध फोडण्याची किंवा कुंपण सरकविण्याची गोष्ट निघाली, तर मोबाईल खिशांत ठेवून भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीस थोडे पैसे व कांहीं दिवस लागतात; बांधाच्या भांडणांत दोन पिढ्या जातात.