लोंबीतच फुटलेले कोंब

डहाणूच्या खाडीकाठी तिवराचे बी झाडावर असतानाच सालीच्या आत रुजते. म्हणून चिखलात पडले की लवकर मूळ धरते. भातात मात्र हे आपल्याला परवडत नाही.

पिकलेला दाणा काही दिवस निजून राहतो. अनेक हळव्या वाणांची ही झोप फारच थोडी. ऑक्टोबर २०१९ च्या अवकाळी पावसात पालघर जिल्ह्यात कापणीला आलेले भात आडवे झाले, भिजले आणि लोंबीतच कोंब फुटले. कोंब दाण्यातले पीठ खातो. मग भरडताना तांदळाची कणीच होते. तलासरी-डहाणूच्या अनेक घरांत वर्षाचे खाणे हेच!

तेव्हा पाऊस थांबताच शेतातले पाणी काढू या, लोंब्या चिखलातून उचलू या. बियाण्यासाठी कोंब न आलेल्या, उभ्या भाताच्याच लोंब्या वेगळ्या वाळवाव्यात.