विश्वासाची ठेव

प्रस्तावना

बँकेत खाते उघडताना किंवा रेल्वेचे तिकीट काढताना तुम्ही आपले नाव, वय, पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक देता. या माहितीचे पुढे काय होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मोठ्या कंपन्यांत माहितीचा कारभार पाहणाऱ्यांची नैतिक जबाबदारी कोणती, हे आपण प्रस्तुत पाठात पाहणार आहोत.

मूळ पाठ

छत्तीसगडमधील भिलाईजवळचे चरोदा हे रेल्वेचे गाव आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरील येथील विस्तीर्ण यार्डात मालगाड्यांचे डबे जोडले व वेगळे केले जातात. प्रत्येक मालडब्याला ११ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून संगणकात त्याची नोंद राहते. ती नोंद कोणीही पाहिली, तरी डब्याचे काही बिघडत नाही. डब्याला संकोच नसतो, भीतीही नसते.

प्रवाशाच्या तिकिटावरही १० अंकी क्रमांक असतो. परंतु त्यामागे एक माणूस असतो. समजा, चरोद्यातील एखादी गृहिणी उपचारांसाठी मुंबईला जाते आणि कर्करुग्णांना मिळणारी सवलत घेते. तिकिटाच्या नोंदीत त्या सवलतीचाही उल्लेख येतो. जे दुःख तिने शेजारणीलाही सांगितलेले नसते, ते त्या नोंदीत लिहिलेले असते. ही नोंद भोंदू औषधविक्रेत्याच्या हाती पडली, तर तिच्या असहायतेचा बाजार मांडला जाईल.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. रेल्वेची तिकिटे ऑनलाइन देणाऱ्या ‘आयआरसीटीसी’ या कंपनीने २०२२ साली एक निविदा काढली. प्रवाशांच्या माहितीसाठ्यातून उत्पन्न कसे मिळवता येईल, याचा सल्ला देणारी संस्था तिला नेमायची होती. अपेक्षित उत्पन्न १,००० कोटी रुपयांचे होते. यावर देशभर टीका झाली. आपण माहिती विकत नाही आणि तसा हेतूही नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. अखेर २६ ऑगस्ट २०२२ रोजी तिच्या अधिकाऱ्यांनी निविदा मागे घेतल्याचे संसदीय समितीला सांगितले. माहिती संरक्षणाचा कायदा अद्याप झालेला नाही, हे कारण त्यांनी दिले.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. कायदा नसेल, तर कर्तव्यही नसते का? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच दिला होता. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामापुरतीच माहिती वापरावी, हे त्याचे एक प्रमुख तत्त्व आहे.

तथापि कायदा सर्वांत शेवटी येतो. त्याआधी येते ती अधिकाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी. माहितीसाठ्याची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याने प्रत्येक वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती लोकांनी कशासाठी दिली? आपण ती कशासाठी वापरत आहोत? हा वापर आपण त्या माणसाला समोर बसवून सांगू शकू का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळली, तर ते काम करू नये. नफ्याचा आग्रह धरणाऱ्या वरिष्ठांना तसे सांगण्याचे धैर्य हाच त्या पदाचा खरा अधिकार होय.

शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने आपण गहाण टाकत नाही. कारण ते आपल्या घरात असले, तरी आपले नसतात. माहितीचेही तसेच आहे.

शब्दार्थ

निविदा – कामासाठी जाहीरपणे मागवलेले दरपत्रक
सदसद्विवेकबुद्धी – बरे-वाईट ओळखण्याची शक्ती
अधिसूचित – शासनाने अधिकृतपणे जाहीर केलेले

पाठगत प्रश्न

१. मालडब्याची नोंद आणि प्रवाशाची नोंद यांत कोणता फरक आहे?
२. निविदा मागे घेताना कोणते कारण देण्यात आले?
३. ‘कायदा नसेल, तर कर्तव्यही नसते का?’ तुमचे मत ८-१० ओळींत लिहा.