कांद्याच्या पातीवरून औषध का घरंगळतं?

खेड, जुन्नर, आंबेगावच्या कांद्यात फवारणी सुरू आहे. पातीवर मेणाचा थर असतो. पाण्याचे रेणू मेणाला न चिकटता एकमेकांनाच घट्ट धरतात, म्हणून थेंब गोल होऊन घरंगळतो. औषध मातीत जातं, फुलकिडे पातीच्या बेचक्यात तसेच राहतात.

स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं मेणाला. मग थेंब पसरतो.

आधी तपासा: हातमोजे घालून, तयार द्रावणात एक पात बुडवून काढा. थेंब-थेंब दिसले तर लेबलवरील मात्रेने स्टिकर टाका. सलग पातळ ओल दिसली तर पुरे. जास्त टाकल्यास औषध ओघळून जातं, पातही करपू शकते.

शंका असल्यास पातीचा फोटो पाठवा.