चिंतेचा जमाखर्च

परिवर्तनाचा काळ आला की व्यापाऱ्याच्या मनात चिंता उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु चिंता ही देखील मनाची एक शक्तीच होय. तिला काम नेमून दिले नाही, तर ती धन्यालाच पोखरते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, तेव्हाचे उदाहरण घ्यावे. १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. जुनी व नवी नाणी काही काळ बरोबरच चालणार होती. अशा वेळी हिशेब चुकण्याची धास्ती वाटणारच. परंतु ती कागदावर मांडताच लहान होते. रुपयाचे मोल तेच राहिले. ४ आण्यांचे २५ आणि ८ आण्यांचे ५० नवे पैसे बिनचूक होत. अडचण उरली ती आण्याच्या सव्वासहा नव्या पैशांची, म्हणजे अपूर्णांकाची. आणि तीवर कोष्टक हा उपाय होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही माल, गिऱ्हाईक व पत तीच राहिली. बदलले ते कराचे दर, बिलाचा नमुना आणि विवरणपत्रे.

म्हणून बदलाची चाहूल लागताच वहीच्या पानाचे दोन भाग करावेत : काय कायम राहणार आणि नेमके काय बदलणार. दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक कलमापुढे आज करावयाचे एक काम लिहावे, आणि दुकान बंद करण्यापूर्वी ते उरकावे.