अपूर्णांकांची बेरीज आणि चार क्वार्कचा कण



अपूर्णांक शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, ह्याचा उपयोग काय?" आजवर मी भाकरीचे तुकडे पुढे करायचे. यंदा फळ्यावर प्रोटॉन काढला.

प्रोटॉनमध्ये दोन 'अप' क्वार्क आणि एक 'डाऊन' असतो. अपचा प्रभार २/३, डाऊनचा उणे १/३. दोन-तृतीयांश दोनदा मिळवा, एक-तृतीयांश वजा करा. उत्तर १. मुलांनी झटकन केलं.

आता पुढचं. 'चार्म' नावाच्या क्वार्कचा प्रभारही २/३. त्याचा प्रतिक्वार्क उणे २/३. ही जोडी म्हणजे चार्मोनियम. तिचा पहिला कण, जे/साय, नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांत सापडला. टिंग आणि रिश्टर यांना १९७६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. बेरीज करून बघा, या घराण्यातल्या प्रत्येकाचा प्रभार शून्यच यायला हवा.

हे कण क्षणात फुटतात, मग दिसतात कसे? खरं तर दिसत नाहीत, मोजले जातात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवतात. प्रोटॉन आदळवणं म्हणजे भाजीच्या दोन भरलेल्या पिशव्या आपटणं, नेमकं काय कशाला लागलं ते कळत नाही. इलेक्ट्रॉनच्या आत काही भाग असल्याचं आढळलेलं नाही. तो आणि पॉझिट्रॉन एकमेकांना संपवतात आणि सगळी ऊर्जा नव्या कणांना मिळते. बाहेर पडलेल्या तुकड्यांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं आणि आपण वर्गात करतो तसा स्तंभालेख काढायचा. एका जागी स्तंभ अचानक उंच झाले, की तिथे कण असण्याची शक्यता. याला अनुनाद म्हणतात. मात्र उंचवटा योगायोगाने आलेला नाही हे आधी तपासावं लागतं.

२०१३ मध्ये बीजिंगच्या बेस-३ आणि जपानच्या बेल या दोन्ही प्रयोगांना असा उंचवटा सुमारे ३.९ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्टला मिळाला, म्हणजे प्रोटॉनच्या चौपटीहून थोडा जड. (वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं ना, ते ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे, ती संस्था बेलमध्ये सहभागी होती.) तो कण फुटून जे/साय आणि एक प्रभारित पायॉन निघत होता. म्हणजे आत चार्मची जोडी आहे, पण प्रभार शून्य नाही, १ आहे!

इथे मी खडू खाली ठेवला. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आत अजून कोणीतरी आहे."

बरोबर. चार्मची जोडी शून्य देते, उरलेला १ आणायला अपचे २/३ आणि प्रति-डाऊनचा १/३ हवा. किमान चार क्वार्क. झेडसी (३९००) असं त्याचं नाव. हे चौघे एकत्र घट्ट बांधलेले आहेत, की दोन-दोनच्या जोड्या सैलसर जवळ आल्या आहेत, यावर अजून वाद चालू आहे.

तास संपताना एकीने विचारलं, "मग पाचचा पण असेल?" आहे. २०१५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात मिळाला, पण तिथे प्रोटॉनच्या पिशव्या आपटल्या होत्या. त्याचा तास पुढच्या आठवड्यात.